फांदीला परवानगी, झाडाला मशीन

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या एका निवृत्त गुरुजींना रस्त्याकडेची चिंच गेल्याचं दुःख आहेच, पण संताप आहे तो ती किती झटक्यात गेली याचा. सकाळी मशीन आलं, दुपारी बुंधा ट्रॅक्टरमध्ये. ज्या झाडाची एक वाळकी फांदी उतरवायला कुणी तयार नव्हतं, ते अख्खं झाड रस्ता रुंद करायच्या नावाखाली गेलं.

फांदी चांगली मांडीएवढी जाड होती, साल सुटलेली, बरोबर शाळेच्या वाटेवर ओणवलेली. 2022 च्या जुलैत गावात घराघरांत पुराचं पाणी शिरलं, त्या पावसातही ती टिकली. पण भरवसा कसला? बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे, वर रंगवलेला नंबर. झाड सरकारी, हे पोरासोरांनाही कळत होतं. नेमकं कुठल्या खात्याचं, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

पहिल्या कार्यालयात उत्तर मिळालं, "गुरुजी, झाड आपल्या हद्दीत हाय, पण रस्ता आपला न्हाई." दुसऱ्यात साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यात, "फांदी तारेला लागत असंल तर आम्ही तोडू." ती तारेपासून हातभर लांब होती, गुरुजींना क्षणभर वाटलं, लागली असती तर बरं झालं असतं! चौथ्या टेबलावरच्या बाबूनं कायदाच काढला. चिंच 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत येते, साग, आंबा, मोह, जांभूळ यांच्या पंगतीत. परवानगी आणा. अर्जाची पोच मिळाली, तारीख-शिक्क्यासकट. ती गुरुजींनी अजून जपून ठेवली आहे. मशीन आलं तेव्हा तीच पोच दाखवून त्यांनी विचारलं, "तुमची परवानगी कुठंय?" ड्रायव्हर म्हणाला, "काका, मला ठेकेदारानं पाठवलंय."

लाकूड कुठं गेलं, कुणी विकलं, हे विचारलं की सगळे मान खाली घालतात.

रस्ता ज्या यादीत, त्या यादीवरून कडेच्या झाडाचा मालक ठरतो. राज्यमार्ग असेल तर बांधकाम विभाग, गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत. सामाजिक वनीकरणानं लावलेली रांग काही वर्षं सांभाळून ग्रामपंचायतीच्या हवाली होते. रस्त्यांकडेच्या चिंचांचा लिलाव होतो, तेव्हा मालक बरोबर सापडतो. वाळकी फांदी आली की तो हरवतो.

शहराचा न्याय निराळा. 1975 चा वृक्ष जतन कायदा महापालिका, नगरपालिकांना लागू. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसावृक्ष ठरलं. ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे तालुक्याच्या वसमतला, नगरपालिकेच्या हद्दीत, हीच चिंच, पन्नाशी गाठलेली असेल तर, वारसा ठरली असती. कुरुंद्यात ती नुसती आड येणारी.

झाडं लावण्याचा उत्साह मात्र दांडगा. सरकारी मोहिमांचे आकडे 2016 ला 2 कोटी, मग 4, मग 13, 2019 ला 33 कोटी. पुढं त्या मोहिमेच्या चौकशीला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. दर जुलैला त्याच खड्ड्यात नवं रोप, हा अनुभव कोणत्या गावाला नाही?

इथं गुरुजींचा सूर बदलतो. परवानग्यांच्या नावानं बोटं मोडणारा हा माणूस आता म्हणतो, खेड्यालाही शहरासारखा कायदा लावा. मग परत म्हणतो, नको, आणखी एक टेबल वाढेल. दोन्ही एका दमात. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

एक मागणी तेवढी पक्की आहे. 1 मेच्या ग्रामसभेत प्रत्येकानं विचारावं: आपल्या रस्त्यांकडेची मोठी झाडं कुठल्या रजिस्टरात आहेत, आणि वाळक्या फांद्या उतरवायचा खर्च कुणाच्या नावावर? उत्तर लेखी घ्या. पावसाआधी तेवढाच महिना हाताशी असतो.