आकड्यांपलीकडची रात्र

एमबीएचा खरा अभ्यास रात्री होतो. दिवस लेक्चरं, प्रेझेंटेशनं आणि असाइनमेंटच्या धावपळीत जातो. मेसचं जेवण उरकलं की हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये कुणाच्या तरी लॅपटॉपभोवती कोंडाळं जमतं. बाहेर पुण्याच्या जुलैची रिपरिप, आत चहाचे रिकामे कागदी कप आणि मधोमध वीस-पंचवीस पानांची केस.

ही केसची पद्धत हार्वर्डची. १९६१ साली अहमदाबादला आयआयएम सुरू झालं, त्याच्याबरोबर ती आपल्याकडे रुजली. केसमध्ये एक कंपनी असते, एक पेचात सापडलेला मॅनेजर असतो, शेवटी तक्ते असतात. उत्तर कुठेच दिलेलं नसतं. इंजिनिअरिंग करून आलेल्यांना तेच पचत नाही. पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर ताडून बघायची चार वर्षांची सवय असते ना!

एका रात्री आमच्यापुढे अशीच एक कंपनी होती. नफा दरवर्षी वाढता, बँकेत मात्र खडखडाट. आम्ही रेशो काढून दमलो. गटात इचलकरंजीचा एक मुलगा होता. घरी यंत्रमाग. इंग्रजी अडखळायचं, म्हणून वर्गात तो गप्प असे आणि सीपीचे, म्हणजे वर्गात बोलण्याचे, गुण दुसरेच घेऊन जात. त्यानं पेन्सिलीचं टोक ताळेबंदातल्या येणे बाकीच्या ओळीवर टेकवलं आणि ते वर्षावर्षानं पुढे सरकवत नेलं. आकडा दर वर्षी फुगत होता. "माल गेला, बिल फाडलं, नफा लिहिला. पैसे कुठं आलेत? आमच्याकडं व्यापारी दोन-दोन महिने लटकवतो. सूतवाला थांबत नाही, आणि कामगाराला तर आठवड्याला द्यावं लागतं." वर्किंग कॅपिटल नावाचा रुक्ष धडा त्या क्षणी घामाच्या वासासकट समोर उभा राहिला.

गंमत अशी, की इथं ग्रेड अनेकदा एकमेकांच्या तुलनेत मिळतात. शेजाऱ्याला समजलं तर आपला क्रमांक घसरू शकतो. तरीही तो समजावत होता, आम्ही ऐकत होतो. पुढे समर इंटर्नशिपच्या मुलाखती आल्या, तेव्हा एकाच जागेसाठी नाव दिलेले दोघं आदल्या रात्री एकमेकांना आडवेतिडवे प्रश्न विचारत बसले होते. सकाळी एकानं दुसऱ्याच्या टायची गाठ नीट केली. चुरस खरी होती आणि ती गाठही.

यंदा एमबीएला निघालेल्यांनी गट निवडताना आपल्यासारखीच माणसं गोळा करू नयेत. एखादा दुकानदाराचा मुलगा, एखादी नर्सिंग करून आलेली, एखादा बँकेत काउंटरवर बसलेला, असं कुणीतरी हवं. रोजच्या तीन केस एकट्यानं वाचून होत नाहीत. एक मन लावून वाचा, दोन इतरांकडून ऐका आणि आपली सांगताना हातचं राखू नका.