पन्ह्यावरची मोहर

चैत्र लागला म्हणजे देवपूरच्या दुपारींचा स्वभाव पालटे. फाल्गुनापर्यंत पांझरेवरून येणारी झुळूक गारवा आणी. आता तीच तापलेल्या वाळूची धग आणि निंबाच्या फुलांचा कडसर गंध घेऊन दारांवर आदळे, आणि नदीची धार इतकी क्षीण होई, की पलीकडच्या धुळ्याच्या पेठेतून येणारी माणसे पूल सोडून सरळ पात्रातून चालत येत. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळ्यास राहिले. तिथल्या कचेरीत कारकुनी करणारे माझे वडील संध्याकाळी याच वाळूतून घरी परतत, आणि चैत्रगौर बसल्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंतच्या महिन्यात त्यांच्या पिशवीत दोन जिन्नस हमखास असत : गावरान आंब्याच्या हिरव्या कैऱ्या आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा. त्यांचे जे पन्हे होई, ते हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका पहिल्याच घोटाला ओळखत, आणि हे अमक्यांच्या घरचे, असे डोळे मिटून सांगत.

ती ओळख आमच्या आत्याच्या हाताची होती. इतर घरी कैऱ्या उकडत. आत्या त्या चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजी. साल काळी पडून तडकली आणि आतला गर लोण्यासारखा मऊ झाला, म्हणजे ती कैरी राखेतून काढून परातीत निवू देई, हाताने कुस्करून कोय वेगळी करी, आणि चिरलेला गूळ त्या गरात पूर्ण विरघळेपर्यंत हात थांबवीत नसे. मग वेलदोड्याची पूड, मिठाची चिमूट आणि सणावारी पाण्यात खललेल्या केशराच्या चार काड्या. वाटीभर गराला दोन वाट्या गूळ हा सर्वसाधारण शिरस्ता. परंतु चैत्रातली करकरीत कैरी आंबट, तिला पुरा गूळ लागे, आणि वैशाखाच्या तोंडाशी कैरीच्या पोटात पहिली गोडी उतरली, की आत्या गुळाला हात आखडता घेई. त्या दिवसाचे माप ती जिभेवर ठेवलेल्या एका थेंबावरून मुक्रर करी. म्हणून तिचे पन्हे दर आठवड्याला निराळे आणि तरीही तिचेच असे.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसास्वादाचे स्वरूप समजावून देताना पानकरसाचा दृष्टांत घेतला आहे : पेयात मिसळलेली द्रव्ये जशी आपापली वेगळी चव सोडून एकाच अपूर्व रुचीत विलीन होतात, तसा विभावादिकांच्या संयोगातून रस प्रतीतीस येतो. पुढे महाविद्यालयात हा दृष्टांत शिकताना माझ्या डोळ्यांसमोर आत्याची परात उभी राहिली. कारण त्या पेल्यात आंबट-गोडाच्या मागून एक पुसट धुरकट वास येई, जो जिन्नसांच्या कोणत्याही यादीत सापडला नसता. आपल्या भाषेत झाडावरचा आंब्याचा मोहर आणि फारसी दफ्तरातून आलेली कागदावरची मोहर एकाच उच्चाराने सांगता येतात. त्या पन्ह्यात दोन्ही होत्या : एक ऋतूची, दुसरी तिच्या हाताची.

पडवीत वाळूवर ठेवलेला माठ, त्याला गुंडाळलेले ओले फडके आणि आत बुडवलेली वाळ्याची जुडी, एवढा गारव्याचा सारा बंदोबस्त. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. कोकणच्या दमट हवेत हे काम सावकाश चालते, परंतु आमच्या मुलखाची कोरडी हवा, जी माणसाचे ओठ फोडते, तीच माठाला अशी काही गार करी, की पन्ह्याचा पेला हातात घेताना बोटे शहारत.

हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरात पितळी पाळण्यात गौर बसलेली असे. उंबऱ्यापाशी चैत्रांगण, पुढे कलिंगडाची आणि काकडीची आरास, आणि येणाऱ्या प्रत्येकीला मनगटावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, वाटीत आंब्याची डाळ आणि शेवटी पन्हे. पेले आई देई. ज्या हाताने ते केले, तो स्वयंपाकघराच्या दाराआड असे. आत्याला एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आले होते, आणि अशा दिवशी तिने बायकांत यायचे नाही, ही वहिवाट कोणी कागदावर लिहून ठेवलेली नसूनही सरकारी हुकुमापेक्षा कसोशीने पाळली जात होती. बाहेर पन्ह्याची स्तुती चाले आणि आत ती रिकामे पेले विसळी. हा अन्याय होता; त्याला याहून सौम्य नाव द्यायला माझे मन घेत नाही.

तिला स्वतःच्या हाताने पेला देण्याची मुभा एकाच ठिकाणी होती : आमच्या फाटकाशी. चैत्री पौर्णिमेला नदीकाठच्या एकवीरा देवीची यात्रा भरते. मुलांचे जाऊळ काढायला आणि कुलस्वामिनीचे दर्शन घ्यायला गावोगावचे लोक येतात, आणि आमच्या रस्त्याने दिवसभर अनवाणी पायांची रीघ लागते. त्या दिवसांत घरातल्या कुणाचा ओठ ओला होण्याआधी आत्या एक घागर फाटकाशी नेऊन ठेवी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पन्हे देई. मोळीवाली असो, बैल सोडून टेकलेला गाडीवान असो, खांद्यावर लेकरू झोपलेली यात्रेकरू असो, तहानलेल्या माणसाने देणारीच्या कपाळाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका चैत्रात आईने हळदीकुंकवाचे पाट माजघरातून उचलून पडवीत मांडले आणि आत्याला म्हणाली, ''वन्सं, आज पन्हं तुम्ही द्यायचं.''

आत्या गोंधळली. ''अगं, बायका काय म्हणतील?''

''फाटकाशी लोक काय म्हणतात, तेच.''

दोघीतिघी डाळीची वाटी तशीच ठेवून उठून गेल्या. क्षणभर माठापाशी उभ्या राहिलेल्या आत्याच्या हातातला पेला नुसताच थरथरत होता. मग शेजारच्या घरातली, सर्वांत वयस्क अशी एक बाई गुडघ्यावर हात टेकून उठली, पुढे आली आणि म्हणाली, ''द्या इकडे. इतकी वर्षं तुमच्याच हातचं तर पितोय आम्ही.'' मोहर कुणाची, हे सर्वांना प्रथमपासून ठाऊक होते; त्या दिवशी एकीने ते बोलून दाखवले इतकेच.

आज आमच्या घरी चूल नाही. गॅसच्या ज्योतीवर कैरी भाजून पाहतो. साल काळी होते, गरही मऊ होतो, परंतु तो धूर उतरत नाही, आणि पाहुण्यांनी वाखाणलेल्या पेल्यातही मला त्याची उणीव जाणवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात, तिच्यावर पाण्याचे लहान भांडे आणि त्यावर खरबूज ठेवतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या घागरीपुढे घेण्याचा दस्तूर नव्हता, आणि जिथे तिचे नाव घेतले जायचे त्या सासरी तिची आठवण ठेवणारे कोणी उरले नव्हते. आत्या गेली त्या वर्षीच्या आखाजीला आईने आजोबा-आजींच्या पाठोपाठ तिचे नाव घेतले, आणि वडील काहीच बोलले नाहीत. आता ते नाव मी घेतो. नंतर पन्ह्याची दुसरी घागर उचलून फाटकाशी नेऊन ठेवतो, आणि रस्त्याने कोणी येईपर्यंत घरातला पहिला पेला भरत नाही.