आमचे वाळवंटातले रविवार

नवऱ्याची बदली झाली, की आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता येतो, ठाऊक आहे ना? "मग तू काय करणार? जाणार, की इथंच राहणार?" बदली पुण्याला-मुंबईला असली, तर हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. पण गावाचे नाव जैसलमेर असले, की प्रश्नाबरोबर उत्तरही तयार असते. "त्यांना जाऊ दे पुढं. मुलांच्या शाळा आहेत. तिकडं वाळूत जाऊन करणार काय?"

आमच्या घरी अगदी हेच झाले. आमचे हे पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामात आहेत. पूर्वी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर होते, त्यामुळे शनिवार-रविवार सांगलीच्या घरी येणे जमायचे. सहा वर्षांपूर्वी जैसलमेरला जायचे ठरले. मी आणि मुलांनी सांगलीतच राहावे, असे सासूबाईंचे स्पष्ट मत पडले. मी मात्र सामान बांधले. कन्या तेव्हा आठ वर्षांची होती आणि चिरंजीव चार वर्षांचे.

मैत्रिणींनो, वाळवंटाचे गोडवे गायला मी हे लिहीत नाही. ते काम पर्यटकांचे. तीन दिवसांत फोटो काढून ते परत जातात. आम्ही तिथे डबे भरतो, भांडी घासतो, मुलांना पाढे पाठ करायला बसवतो. सकाळचे तीन तास मी एका शाळेत शिकवायलाही जाते. अशा परक्या, रखरखीत गावात संसार रुजायला काय लागते, ते मला आमच्या रविवारच्या फिरण्याने शिकवले. तेवढेच तुम्हाला सांगायचे आहे.

आधी घरातले सांगते. जैसलमेरला वर्षाचा पाऊस ७-८ इंचांच्या घरात. आपल्या महाबळेश्वरला तेवढा पाऊस आषाढात एखाद्या दिवसात पडून जातो! आमच्या नळाला येते ते पाणी इंदिरा गांधी कालव्याचे. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून साडेसहाशे किलोमीटर वाळू तुडवत ते येते. या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले आणि जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढला पाणी पोचले ते १९८७ साली. हे कळल्यापासून नळ उघडा टाकायला हात धजत नाही. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येते. तांदळाचे धुवण कुंडीतल्या तुळशीला, भाजीचे धुवण फरशीला, कपड्यांचे शेवटचे पाणी अंगणात शिंपायला, असा एका पाण्याचा हिशेब तीनदा लागतो.

हवा इतकी कोरडी, की तव्यावरची पोळी डब्यात जाईपर्यंत कडक होते. म्हणून पोळ्यांच्या डब्यात मी किंचित ओलसर फडके घालते. कणीक दुधात भिजवली तर आणखी बरे. उलट कुरमुरे आणि पापड महिनाभर कुरकुरीत राहतात. कपडे दोरीवर टाकून वळावे, तोच वाळलेले! कुरडया एका दिवसात खडखडीत होतात, फक्त वर पातळ मलमल घट्ट बांधावी लागते, नाही तर कुरडईत निम्मी वाळू. आणि साधा गवताच्या जाळ्यांचा कूलर इथे असा गारवा देतो, की तसा तो कोकणातल्या दमट हवेत कधी द्यायचा नाही.

हे सगळे आज मी हसत सांगते आहे. पण पहिला मे महिना फार अवघड गेला. पारा ४५ अंशांच्या पुढे. सकाळी नऊपासून 'लू' वाहू लागायची. लू म्हणजे भट्टीचे दार उघडल्यासारखा वारा. यांना यायला रात्र व्हायची. मी आणि मुले दिवसभर खिडक्या लावून आत. एका दुपारी चिरंजीवांचा घोळणा फुटला. सदरा रक्ताने भरलेला, आणि नेमका तेव्हाच सांगलीहून फोन. "ये निघून, अजून वेळ गेलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. मी रेल्वेची तिकिटेही बघून ठेवली.

शेजारच्या काकीसांना भिंतीपलीकडून सगळे ऐकू गेले असावे. वय सत्तरीचे, डोक्यावर ओढणी, बोलणे रोखठोक. त्या आल्या, मुलाच्या नाकात तुपाचे बोट फिरवले आणि मला म्हणाल्या, "बीनणी, घर में बैठी रहोगी तो चार दीवारें ही दिखेंगी. कल सुबह पाँच बजे तैयार रहना." इकडे सुनेला बीनणी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हाला गडीसर तलावावर नेले. चौदाव्या शतकात रावळ घडसी यांनी बांधलेला हा तलाव कित्येक शतके गावाची तहान भागवत होता. काकीसांनी लहानपणी इथून पाणी डोक्यावर वाहिलेले. पाण्यावरून येणारा वारा चक्क गार होता. मुले पायऱ्यांवर बसून माशांना लाह्या टाकत होती. किल्ल्यावर पहिले ऊन पडले आणि पिवळा दगड सोन्यासारखा उजळला. सात वाजता आम्ही घरी होतो. दिवसभर पुन्हा तीच लू, त्याच बंद खिडक्या. पण त्या दुपारी मुले भांडली नाहीत. पाटीवर मासे काढत बसली.

तेव्हापासून घरात नियमच झाला. आठवड्यातून एकदा चौघांनी बाहेर पडायचेच. त्याचे काही ठोकताळे आता बसले आहेत. उन्हाळ्यात पहाटे निघायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. लांबचे सगळे बेत कार्तिक ते फाल्गुन. पाणी माणशी चार लिटर, मग जागा कितीही जवळची असो. लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली निराळी. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. डब्यात आपल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ; दशमी तिथेही मऊ राहते. आणि हिवाळ्यात प्रत्येकाला एक लोकरीची टोपी, कारण सूर्य बुडाला की वाळू बघता बघता गार पडते.

आम्ही काय काय पाहिले म्हणून सांगू! बाडमेरच्या रस्त्याला १७ किलोमीटरवर आकल नावाची जागा आहे. तिथे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष दगड होऊन पडले आहेत, खोडावरच्या रेषांसकट. जिथे आज सावलीला झाड शोधावे लागते, तिथे एके काळी घनदाट जंगल होते. वर्गात तासभर सांगून जे पोरांच्या डोक्यात शिरत नाही, ते तिथे एका खोडावर हात फिरवून शिरते.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेले गाव. लोक तिथे भुताच्या गोष्टी ऐकायला जातात. मला नवल वाटले ते पालीवालांच्या 'खडीन'चे. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. एवढ्याशा पावसावर गहू! आजही या जिल्ह्यात खडिनांत पीक घेतात. हे बघितल्यावर माझ्या पाण्याच्या तीनदा हिशेबाचे काही कौतुक वाटेनासे झाले.

समच्या वाळूच्या टेकड्या ४० किलोमीटरवर. संध्याकाळी तिथे उंट, जीपगाड्या, ढोल यांचा नुसता कल्ला असतो. आम्ही सूर्योदयाला जातो. रात्रीच्या वाऱ्याने वाळू पाटीसारखी पुसलेली असते आणि तिच्यावर किड्यांची, उंदरांची, कधी खोकडाची पावले उमटलेली. कोण कुठून कुठे गेले, ते ओळखायचा मुलांचा खेळ तासभर चालतो.

दसऱ्याला मात्र आम्ही जवळच जातो. इथली खेजडी म्हणजे आपली शमी. पूजेसाठी तिची डहाळी शोधत सांगलीत वणवण करायचो, आणि इथे पाहावे तिकडे शमीच शमी! ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. वाळवून ठेवतात, रात्रभर भिजवून, उकडून तेलावर परततात, सोबत केराची छोटी आंबट फळे आणि सुक्या मिरच्या. भाजीबाजार बंद असला, तरी काकीसांचे स्वयंपाकघर अडत नाही. आणि सोबत बाजरीची भाकरी, म्हणजे अगदी माहेरचे माणूस भेटावे तसे झाले.

एकदा तनोटला गेलो होतो. हद्दीजवळचे देवीचे देऊळ, सव्वाशे किलोमीटरवर. १९६५ च्या युद्धात देवळाच्या परिसरात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, असे सांगतात. ते तिथे मांडून ठेवले आहेत आणि देवळाची सारी व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान पाहतात. मी मुलीला मराठीत रागावत होते, तेवढ्यात एक जवान पुढे आला. "ताई, कुठलं गाव?" तो खटाव तालुक्यातला होता. घरी दोन वर्षांची मुलगी. मी त्याला दशम्या आणि चटणी दिली. म्हणाला, "फोन रोज होतो ताई, पण चटणी काही फोनवरून येत नाही." परतताना गाडीत कुणीच फारसे बोलले नाही. त्याला निवड नव्हती. आम्हाला होती.

आणि तिसऱ्या वर्षी, पौषात, ती निवड पुन्हा दारात उभी राहिली. सासूबाई आल्या. मुलांना जूनपासून सांगलीच्या शाळेत घालायचे, हे पक्के करूनच आल्या होत्या. प्रवेशाची चौकशीही करून ठेवलेली. शाळेबाबत त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते, असेही नाही. यांना काय बोलावे सुचेना. मीही वाद घातला नाही. सहा आठवडे त्यांचा मुक्काम होता, तेवढे रविवार त्यांना बरोबर नेले.

त्यातल्या एका रविवारी आम्ही फलोदीजवळच्या खीचनला गेलो. दीडशेहून जास्त किलोमीटर, म्हणून पहाटे तीनला निघालो. काकीसाही होत्या. हिवाळ्यात तिथे हजारो कुरजा उतरतात. आपण त्यांना कांड्या करकोचा म्हणतो. मंगोलियाकडून, मध्य आशियातून, हिमालय ओलांडून त्या येतात आणि गावकरी त्यांना रोज दाणा टाकतात. आभाळ त्यांच्या आवाजाने भरून गेले होते. काकीसा सांगू लागल्या, की मारवाडात कुरजांची गाणी आहेत. घरधनी कमाईसाठी परमुलखात गेलेला, वर्षानुवर्षे येत नाही. मग बाई कुरजेला म्हणते, तू एवढी लांब उडतेस, तर माझा निरोप तेवढा घेऊन जा. काकीसांचे यजमान तरुणपणी सुरतेला होते. बोलता बोलता त्या थांबल्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री तांदूळ निवडताना मात्र मला म्हणाल्या, "तुझे मामंजी अकरा वर्षं चंद्रपूरकडे होते. मी सांगलीत. दर पंधरवड्याला पत्र यायचं. सुट्टीवर आले, की तुझा नवरा दाराआड लपायचा. पाहुणे कधी जाणार, म्हणून मला विचारायचा."

मी सून होऊन तेरा वर्षे झाली होती. ही गोष्ट मला यांनीही कधी सांगितली नव्हती.

माघात सासूबाई परत गेल्या, एकट्याच. जाताना किलोभर सांगरी बांधून नेली. प्रवेशाचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. आता कन्या नववीत आहे. दहावीनंतर ती आजीकडे राहून शिकेल, की इथेच, ते अजून ठरायचे आहे. तिला जावेसे वाटले, तर पाठवूही. पण तिच्या बापाला ती पाहुणा समजत नाही, तिला त्याच्या वाळूतल्या पावलांचा मापही ठाऊक आहे, एवढे पदरात पडले आहे.

सगळ्यांनीच नवऱ्यामागे जावे, असे मी म्हणणार नाही. कुणाची नोकरी असते, कुणाच्या घरी आजारी माणूस, कुणाच्या मुलांची महत्त्वाची वर्षे. पण गेलात, तर नव्या गावी सामान लावून होण्याची वाट बघू नका. पडदे नंतर शिवता येतील. पहिल्याच रविवारी शेजारणीला विचारा, की तुम्ही लहानपणी पाण्याला कुठे जात होता, सणाला कुठे जाता. सांगतील ती जागा तळे असेल, टेकडी असेल, नाही तर नुसते एक झाड. चार दशम्या बांधा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन तिथे जा. शेजारणीलाही बरोबर घ्या.