ओचानोमिझूची गिटारगल्ली

टोकियोतील ओचानोमिझू स्थानकातून बाहेर पडताच उतरत्या रस्त्याच्या दुतर्फा गिटारांची दुकाने लागतात. मुंबईहून आलेला जैन तरुण येथे एक उंची इलेक्ट्रिक गिटार निवडतो. तिचा फ्रेटबोर्ड भारतीय शिसवाचा. हे झाड आपल्या सह्याद्रीतही वाढते. तारा टेकतात ती 'नट' नावाची लहानशी पट्टी मात्र अनेकदा हाडाची असते. तो विचारतो; दुकानदार हाडाऐवजी कृत्रिम पट्टी बसवून देतो. परतीच्या वाटेवर बिल दडवण्याचा मोह होतोच. तरीही मुंबई विमानतळावर तो रेड चॅनलकडे वळतो, खरी किंमत सांगून शुल्क भरतो. त्या रात्री घरात वाजलेल्या पहिल्या सुरात कसलीही धाकधूक नसते.