इंजिन काढल्यावर काय उरते?

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यात सकाळच्या वेळी गाडी चालते थोडी आणि थांबते फार. थांबलेल्या गाडीचे इंजिन पेट्रोल जाळतच राहते. विद्युत मोटर मात्र चाक थांबताच जवळजवळ काहीच घेत नाही. रोज या कोंडीत बसणाऱ्या एखाद्या अभियंत्याला घरची जुनी गाडी स्वतःच्या हातांनी विजेवर आणावीशी वाटली, तर नवल नाही. ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर धावणारी 'रेवा' २००१ मध्ये याच शहरातून रस्त्यावर आली होती. पण ती जन्मतःच विजेची होती. इंजिनाभोवती रचलेल्या गाडीची गोष्ट वेगळी.

गणित प्रथम उत्साह वाढवते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. तिचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो. मोटर मिळालेल्या विजेपैकी ८५ ते ९० टक्के कामी लावते. छोट्या गाडीला किलोमीटरमागे सुमारे ०.१५ युनिट पुरते. म्हणजे रोजच्या ४० किलोमीटरला ६ युनिट. १५ युनिटची लिथियम बॅटरी शंभर-सव्वाशे किलो भरते. इंजिन, टाकी, रेडिएटर आणि सायलेन्सर उतरवले, की त्यातील बरेचसे वजन वजा होते. मूळचा गिअरबॉक्स ठेवून त्याच्या दांड्याला मोटर जोडता येते.

खरी परीक्षा पुढे आहे, कारण इंजिन केवळ चाके फिरवत नसते. ब्रेकच्या पेडलवरील पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला हवेचा कमी दाब लागतो आणि तो पेट्रोल इंजिनाच्या शोषणातून मिळतो. इंजिन गेले, की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून विजेवर चालणारा निर्वात पंप बसवावाच लागतो. दिवे आणि वायपर यांना १२ व्होल्ट पुरवणारा अल्टरनेटर गेला, त्याची जागा कन्व्हर्टरने घ्यावी लागते. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टाही गेलेला असतो.

काढलेल्याची भरपाई झाली, तरी नव्याने आलेला धोका उरतो. ६० व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा एकदिश प्रवाह जिवाशी खेळू शकतो. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझण्याची संधी असते. एकदिश प्रवाहाची ठिणगी पेटतीच राहू शकते. त्यामुळे फ्यूज आणि कॉन्टॅक्टर एकदिश प्रवाहासाठीच बनवलेले हवेत. शिवाय सप्टेंबर २०२२ च्या पुरात महादेवपुऱ्यातील रस्तेच पाण्याखाली गेले होते. तेथे बॅटरीची पेटी जलरोधक असणे ही चैन नव्हे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर बंधने घालते, ते या पार्श्वभूमीवर वाचावे. विद्युत संचासाठी 'एआयएस-१२३' हे मानक आहे. पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्था संच तपासतात, अधिकृत केंद्राने तो बसवावा लागतो आणि बदलाची नोंद आरटीओकडे व्हावी लागते. घरी जोडलेली गाडी अंगणात धावेल, शिकवीलही पुष्कळ. रस्त्यावर मात्र तिच्या ब्रेकवर समोरून रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाचाही भरवसा असतो.

म्हणून ज्या विद्यार्थ्याला या प्रयोगाची ओढ आहे, त्याने पाना हाती घेण्यापूर्वी वही घ्यावी आणि इंजिन करत असलेली सारी कामे एकाखाली एक लिहून काढावीत. गाडी चालवणे हे त्या यादीतील केवळ एक काम आहे.