एका फरार राजाच्या रस्त्यावर

तुमच्या ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये दर शुक्रवारी एकदा तरी 'वीकेण्ड एस्केप' येऊन पडत असेल. दोन रात्री, तीन दिवस, ब्रेकफास्ट फुकट. सोमवारी सकाळी पुन्हा कार्ड पंच! याला सुटका कसली म्हणायची? हा तर पॅरोल झाला. खरीखुरी सुटका कशी असते, बाहेर पडायचं कसं आणि पडल्यावर हाती लागायचं नाही ते कसं, याची एक जबरदस्त गोष्ट विदर्भात सांडून पडली आहे. तिच्या मागावर मी हिंगणघाटला गेले.

नागपूरच्या दक्षिणेला साधारण ७५ किलोमीटरवर हे गाव. जाताना लागतो तो हायवे ४४. जुन्या ड्रायव्हर मंडळींसाठी तो 'सात नंबर'. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हैदराबाद करत थेट कन्याकुमारीला जाणारा. हिवाळ्यात गेलात तर कापसानं खच्चून भरलेल्या गाड्या पुढे-मागे डुलत असतात. जिनिंगच्या आवारात पांढरे डोंगर, हवेत तरंगणारं सरकीचं तूस आणि गावाला बिलगून जाणारी वणा नदी. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात परदेशी व्यापाऱ्यांनाही नावानिशी ठाऊक होता. पण 'साइट सीइंग' म्हणाल तर फारसं काही नाही. ऑटोवाल्या भाऊंनी विचारलंच, "इथं काय पाहाले आले जी, मॅडम?" मी म्हटलं, इतिहास. ते म्हणाले, "तो तं नागपुरात हाय!"

अगदीच चूक नव्हतं ते. गोष्ट सुरू होते नागपुरातच.

वाट अडवली ती इथून

मुधोजी भोसले ऊर्फ आप्पासाहेब १८१७ मध्ये नागपूरच्या गादीवर आले. आधीचा राजा, त्यांचा चुलतभाऊ परसोजी, त्या वर्षी फेब्रुवारीत अंथरुणात मेलेला सापडला होता. तो खून आप्पासाहेबांनीच करवला, असा आरोप इंग्रजांनी पुढे ठेवला. म्हणजे आपला हीरो काही धुतल्या तांदळासारखा नव्हे. नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, ती हरली. आप्पासाहेब शरण गेले, जानेवारीत अटी घालून त्यांना परत गादीवर बसवलं. पण बाजीराव पेशव्यांशी आतून संधान चालूच आहे असा संशय आला, आणि १५ मार्च १८१८ रोजी रेसिडेंट जेन्किन्सनं राजाला नागपुरातच कैद केलं.

आता बाहेरून सोडवायला येणारा एकच माणूस उरला होता, बाजीराव. ते फौज घेऊन चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, रोखानं निघाले. त्यांना अडवायला एप्रिलमध्ये कर्नल ॲडम्सनं तळ टाकला तो या हिंगणघाटात. नकाशा उघडून बघा, कारण लगेच कळेल. उत्तरेला नागपूर, आग्नेयेला चांदा, नैर्ऋत्येला वऱ्हाड. इथे बसलेला माणूस तिन्हींकडे लक्ष ठेवू शकतो. इथूनच ॲडम्स निघाला आणि १७ एप्रिलला पांढरकवड्याच्या बाजूला शिवणी इथे त्यानं बाजीरावांची फौज उधळून लावली.

राजाची बाहेरची मदत अशी संपली. जे करायचं ते आता आतूनच.

रात्री दोनचा पहारा

मेच्या सुरुवातीला आप्पासाहेबांना कडक बंदोबस्तात अलाहाबादकडे रवाना केलं. कॅप्टन ब्राउनची तुकडी, मे महिन्याचं ऊन, रोजचं एक मुक्काम चालणं. तुरुंगाच्या भिंती नाहीत, तंबूची कनात आहे. पण भोवती बंदुका आहेत, आणि त्या बंदुका धरणारे हात इथल्याच माणसांचे आहेत. प्लॅनची किल्ली नेमकी हीच होती. पैसा आणि शब्द दोन्ही वापरून पहाऱ्यावरचे काही शिपाई फोडले गेले.

जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाचं गाव आहे (कर्नाटकातलं नव्हे). तिथल्या मुक्कामात १३ मे १८१८ च्या पहाटे, दोनच्या सुमारास, राजानं कंपनीच्या शिपायाचा गणवेश चढवला आणि पहारा बदलणाऱ्यांच्या रांगेत घुसून छावणीबाहेर चालत निघून गेला. पळाला नाही, चालत गेला! जुन्या इंग्रजी इतिहासांत पुढचा तपशील येतो. तंबूत डोकावणाऱ्याला बिछान्यावर कुणीतरी निजलेलं दिसत होतं आणि दोन नोकर त्याचे पाय चेपत होते. ते चेपत होते ती उशी होती.

आपल्याला इथे आग्रा आठवणारच. १६६६ मध्ये शिवाजी महाराजांच्या बिछान्यात हिरोजी फर्जंद निजला, ही कथा आपण चौथीच्या पुस्तकापासून ऐकतोय. दोन्हीकडे युक्ती एकच. पहारेकऱ्याला रोज जे दिसतं तेच दाखवत राहायचं, म्हणजे तो बघायचंच थांबवतो.

खरी परीक्षा पुढेच

सिनेमा इथे संपला असता. पण निसटणं वेगळं आणि निसटलेलं राहणं वेगळं. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार दिवसाढवळ्या सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पण पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांना बळी पडले आणि खांद्यात गोळी लागलेले दादा पुन्हा पकडले गेले. बाहेर पडल्यावरचे पहिले काही तास किती महाग असतात ते यावरून कळतं.

आप्पासाहेबांना घरी परतायचा रस्ताच नव्हता. सुटकेनंतर आठवड्याभरात, २० मेला, ॲडम्सनं चांद्याचा किल्ला घेतला. जूनच्या ३ तारखेला बाजीराव शरण गेले आणि त्याच महिन्यात नागपूरच्या गादीवर लहानग्या रघुजीला बसवलं गेलं. म्हणून राजा दक्षिणेला वळलाच नाही. तो महादेवाच्या डोंगरात घुसला. हर्रईचे चैनशाह, पचमढीचे मोहनसिंह, अशा तिथल्या आदिवासी जमीनदारांनी त्याला ठेवून घेतलं. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर लाखाच्या भाषेतलं इनाम लावलं, वर जहागिरीचं आमिष. डोंगरातल्या माणसानं तेवढा पैसा कधी स्वप्नातही पाहिला नसेल. तरी कुणी तोंड उघडलं नाही. उलट जुलैत बैतूलच्या मुलखात कॅप्टन स्पार्क्सची तुकडी त्याच्या बाजूच्या अरब आणि गोंडांनी कापून काढली.

पावसाळा सरल्यावर फौजांनी डोंगर घेरला, तेव्हा १८१९ च्या सुरुवातीला आप्पासाहेब तिथूनही निसटले. सोबत पेंढाऱ्यांचा म्होरक्या चितू होता. अशीरगडापर्यंत पोहोचल्यावर दोघांच्या वाटा फुटल्या. एकटा पडलेला चितू जंगलात वाघाच्या तोंडी गेला. एप्रिलमध्ये इंग्रजांनी अशीरगड घेतला, पण पाखरू उडालं होतं. पुढे वेश पालटत लाहोर, तिथून हिमालयाच्या पायथ्याचं मंडी संस्थान आणि शेवटी जोधपूर. तिथल्या महामंदिरात आसरा घेतलेल्याला कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. इंग्रजांनी मागणी करूनही महाराजा मानसिंहांनी पाहुण्याला ताब्यात दिलं नाही. १८४० मध्ये आप्पासाहेब तिथेच वारले. एका रात्रीच्या प्लॅनवर बावीस वर्षं!

मोजणाऱ्याची कबर

आणि आता पुन्हा हिंगणघाट. राजा फरार असतानाच या गावात एक इंग्रज अधिकारी मुक्कामाला आला आणि इथेच राहिला, कायमचा. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्यानं भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, टेकडीवरून टेकडीला जोडणारे त्रिकोण आणि आयुष्यभराची पायपीट. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी त्यानं हिंगणघाटात प्राण सोडला. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुढे नेलं, ज्याचं नाव आज जगातल्या सर्वांत उंच शिखराला आहे. लॅम्बटनची कबर मात्र इथे, कापसाच्या गावात.

मला हा योगायोग मोठा वाटतो. कंपनीचा एक माणूस इंच-इंच जमीन कागदावर आणत होता आणि त्याच वेळी त्याच कंपनीला एक माणूस सापडत नव्हता. कारण नकाशात डोंगर दिसतो, नदी दिसते. कुठल्या घरात कोण कुणाला जेवायला वाढतंय ते दिसत नाही.

आज मोबाइलचा टॉवर, टोलनाक्यावरचा कॅमेरा आणि एटीएमची स्लिप मिळून आपला नकाशा रोज काढतात. एवढं असून कुणी नाहीसं होऊ शकत असेल तर अजूनही त्याच एका गोष्टीच्या जोरावर, दार उघडणाऱ्या माणसाच्या. शिपायाचा गणवेश पैशानं मिळाला असेल. पण चैनशाहांचं घर आणि मानसिंहांचा नकार कुठल्या पैशानं मिळणार? आपल्या फोनमध्ये सहाशे नंबर असतात. त्यातले लाखाचं इनाम नाकारून आपल्याला घरात घेणारे किती? हायवेवर गाडी चालवताना मी बोटांवर मोजून पाहिलं. एका हातात आटोपलं. पण तेवढे आहेत, हेही काही कमी नाही.

जायचं असेल तर…

कसं जाल: नागपूरहून गाडीनं दीड-दोन तास. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर हिंगणघाट स्टेशन आहे.

केव्हा जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी असते आणि कापसाचा हंगामही. मे महिन्यात हिंमत करू नका. राजाला पर्याय नव्हता, तुम्हाला आहे!

जोडून काय पाहाल: वर्धा आणि सेवाग्राम. नागपुरात सीताबर्डीचा किल्ला, पण तो लष्कराच्या ताब्यात असल्यानं ठरावीक दिवशीच उघडतो. आधी चौकशी करा.

काय खाल: सकाळी तर्री-पोहे, थंडीत सांबारवडी आणि परतताना वर्ध्याचा गोरसपाक. दोन डबे घ्या. एक तुमच्यासाठी, दुसरा दार उघडणाऱ्यासाठी.