अर्धी कथा



इतकी वर्षं लिहितेय: उपवास, स्वाध्याय, मुलांचे डबे. परवा जुनं वाचलं आणि चरकले. सासूबाईंच्या आजारपणात मी किती चिडायचे, ते कुठेच नाही!

आग्ऱ्याच्या कवी बनारसीदासांनी १६४१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी ‘अर्धकथानक’ ही आत्मकथा लिहिली. नऊ मुलं गेल्याचं दुःख सांगितलं, आणि स्वतःच्या गुणांसोबत दोषही मोजले. नाथूराम प्रेमींनी ती १९४३ मध्ये आपल्या गिरगावच्या हिराबागेतून छापली. त्याच हिराबागेवरून मी रोज भाजीला जाते!

यंदा क्षमावणीला आधी सासूबाईंची क्षमा मागितली, मग लिहायला बसले. त्या हसून म्हणाल्या, “अगं, मला तेव्हाच कळत होतं.”

उत्तम क्षमा.